पीसी बरोबर पाच-पाच मिनिटांनी मागे का पडतो? घड्याळ थबकणाऱ्या संगणकाचं निदान, पायरी-पायरीने

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या हीट ट्रीटमेंट युनिटमधून सकाळी फोन आला. भट्टीचं तापमान नोंदवणारा पीसी भिंतीवरच्या घड्याळाच्या मागे पडत होता. कधी ५ मिनिटं, कधी १०, एकदा तर १५. दिवसा सगळं ठीक, रात्रपाळीत मागे. माझ्याआधी दोन जण येऊन गेले होते. एकाने मदरबोर्डवरचा बटण-सेल बदलला होता, दुसऱ्याने रॅम. फरक काहीच पडला नव्हता.

मला मात्र पीसी मागे पडण्यापेक्षा जास्त काळजी त्या रात्रीच्या आलेखाची वाटली, कारण त्यात कुठेही खंड नव्हता. दर मिनिटाला एक नोंद, ओळीने सगळ्या हजर. याचा अर्थ पीसी रात्री पाच मिनिटं थिजत होता आणि पुन्हा चालू झाल्यावर मधली पाच मिनिटं झालीच नाहीत असं धरून पुढे जात होता. कागदावर जॉबचं सोकिंग (ठरल्या तापमानात धरून ठेवणं) दोन तास, भट्टीत मात्र दोन तास पाच मिनिटं. तो कागद ग्राहकाच्या क्वालिटीवाल्यापुढे ठेवला जातो आणि त्यावर माल पास होतो.

ठाणे-नवी मुंबईत अशी शेकडो मशीन कोपऱ्यात चालू असतात. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुन्यावर वेळ छापणारं, सोसायटीच्या केबिनमधलं सीसीटीव्हीचं, महापे-रबाळेच्या कारखान्यातलं हजेरीचं. त्यांचं घड्याळ थबकलं की लोक आधी विंडोज नव्याने टाकतात, मग रॅम बदलतात, शेवटी पीसीच बदलतात. मी मात्र कुठल्याही भागाला हात लावण्याआधी हरवलेली वेळ मोजतो. बहुतेकदा तो आकडाच कुठला टायमर बिघडलाय ते सांगतो.

खालच्या आज्ञा आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. मुख्य विवेचन लिनक्सचं आहे, विंडोजचं पुढे थोडक्यात येईल.

मोजणारा वेगळा, उठवणारा वेगळा

जुन्या कारखान्यात गेटवर एक घड्याळ असायचं आणि एक भोंगा. घड्याळ वेळ दाखवायचं, भोंगा माणसांना उठवायचा. घड्याळ बरोबर चालत असलं तरी भोंगा वाजला नाही तर पाळी सुरू होत नाही. संगणकातही ही दोन कामं वेगळी आहेत. किती वेळ गेला ते मोजणाऱ्याला लिनक्स ‘क्लॉकसोर्स’ म्हणतं आणि ठरल्या क्षणी प्रोसेसरला इंटरप्ट देऊन उठवणाऱ्याला ‘क्लॉक इव्हेंट’. या दोघांपैकी नेमका कोण बिघडलाय, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

ही कामं करणारे टायमर बरेच आहेत. सगळ्यात जुना पीआयटी, १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीपासूनचा, १.१९३१८२ मेगाहर्ट्झचा. सेलवर चालणारा आरटीसी, मनगटी घड्याळात असतो तसाच ३२.७६८ किलोहर्ट्झचा स्फटिक वापरणारा. एसीपीआयचा पीएम टायमर ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा, तो फक्त मोजतो, उठवणं त्याचं काम नाही. एचपीईटी सहसा १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा, मोजतोही आणि उठवतोही. प्रत्येक कोअरपाशी असलेला लोकल एपिक टायमर उठवणारा. आणि टीएससी, म्हणजे प्रोसेसरच्या आतला मोजक, १९९३ च्या पेंटियमपासून आलेला आणि सगळ्यात वेगाने वाचता येणारा.

जुन्या प्रोसेसरमध्ये एक मोठी अडचण होती. काम नसलं की प्रोसेसर सी३ किंवा त्याहून खोल झोपेत जातो, आणि त्या झोपेत लोकल एपिक टायमर बंद पडतो. उठवणाराच झोपला तर उठवणार कोण? म्हणून ते काम तेवढ्यापुरतं बाहेरच्या एचपीईटीकडे किंवा पीआयटीकडे दिलं जातं. नव्या प्रोसेसरमध्ये हा टायमर झोपेतही चालू राहतो. तुमचा कुठला, हे पाहायला ‘प्रॉक’मधली ‘सीपीयूइन्फो’ उघडा आणि फ्लॅग्जच्या ओळीत तीन शब्द शोधा: एआरएटी, कॉन्स्टंट_टीएससी आणि नॉनस्टॉप_टीएससी. तिन्ही असतील तर टायमरवरचा संशय निम्म्याने कमी करा. भट्टीच्या पीसीत पहिला आणि तिसरा नव्हता.

पहिली पायरी : शेजारी दुसरं घड्याळ ठेवा

सुरुवातीला एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सेवा, बंद करा (‘टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी फॉल्स’). हे राहून गेलं तर दोन दिवस वाया जातात. एनटीपी घड्याळ सतत सरळ करत राहतं, त्यामुळे आजार झाकला जातो आणि आकडा हाती लागत नाही.

आता नेटवर्कवरच्या एखाद्या चांगल्या मशीनवरून संशयित मशीनमध्ये एसएसएचने शिरा आणि दर सेकंदाला ‘डेट’ छापणारी, मध्ये ‘स्लीप १’ असलेली छोटी फेरी चालू करा. येणाऱ्या प्रत्येक ओळीला चांगल्या मशीनची वेळ जोडा. ‘मोअरयूटिल्स’ पॅकेजमधली ‘टीएस’ ही आज्ञा तेवढंच काम करते. अशा दोन रकाने असलेल्या ओळी चांगल्या मशीनच्या डिस्कवर साठवा. संशयिताच्या डिस्कवर साठवू नका, कारण डिस्कच अडकत असेल तर ती नोंदही अडकेल आणि तुम्ही टायमरला दोष देत बसाल. नेटवर्कचा उशीर काही मिलिसेकंदांचा असतो, इथे तो मोजावा लागत नाही.

एक रात्र चालू द्या. सकाळी दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचा.

दोन्हींत एकाच जागी खंड असेल, म्हणजे चांगल्या मशीनच्या वेळेत ४० सेकंद गेलेत आणि संशयिताच्या वेळेतही ४०, तर मोजणारा ठीक आहे; उठवणारा चुकला किंवा संपूर्ण मशीनच अडकलं. चांगल्याच्या रकान्यात खंड आहे आणि संशयिताच्या रकान्यात सेकंद ओळीने सलग आहेत, तर मोजणारा थांबला किंवा त्याचा फेरा उलटला. हीच स्थिती धोक्याची, कारण त्या मशीनच्या कुठल्याही नोंदीत ती दिसत नाही. खंड कुठेच नाही पण अंतर हळूहळू वाढतंय, तर मोजणाऱ्याचा वेग चुकीचा धरला गेलाय. आणि वेळ मध्येच मागे उडी मारत असेल तर वेगवेगळ्या कोअरचे टीएससी एकमेकांशी जुळलेले नाहीत, असा संशय घ्या.

मशीनला नेटवर्कच नसेल, जसं भट्टीपाशी नव्हतं, तर दुसरं घड्याळ त्याच्या पोटातच आहे. आरटीसीचा स्फटिक स्वतंत्र असतो. ‘एचडब्ल्यूक्लॉक’ चालवा, लगेच ‘डेट’ चालवा आणि दोन्ही वेळा तुमच्या फोनशी ताडून पाहा. भट्टीच्या पीसीत त्या सकाळी आरटीसी फोनशी दोन सेकंदांत जुळत होता आणि ‘डेट’ १५ मिनिटं मागे होती. सेल बदलणं का निरुपयोगी ठरलं ते तिथेच कळलं. सेल उतरलेल्या मशीनची वेळ चालू असताना बरोबर असते आणि रात्रभर वीज बंद ठेवली की बिघडते. इथे नेमकं उलट होतं: चालू असताना बिघडायची आणि रीस्टार्ट केलं की सुधारायची. मात्र ही तपासणी रीस्टार्टच्या आधी करा. एनटीपी चालू असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दर ११ मिनिटांनी स्वतःची वेळ आरटीसीत लिहितो, आणि काही जुनी लिनक्स वितरणं बंद होतानाही लिहितात. तसं झालं की पुरावा पुसला जातो.

दुसरी पायरी : हरवलेल्या वेळेचा आकडा ओळखा

घाई करू नये अशी जागा हीच. मोजक म्हणजे गाडीच्या मीटरसारखा: ठरावीक आकडे भरले की पुन्हा शून्यावर. किती वेळात भरतो हे त्याची वारंवारता आणि बिट यांवरून काढता येतं, आणि हरवलेली वेळ बऱ्याचदा त्या फेऱ्याइतकी किंवा त्याच्या पटीत असते.

३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं. १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा ३२ बिटी एचपीईटी २९९.९७ सेकंदांत एक फेरा पूर्ण करतो. कर्नल त्याला ‘मोजक अमुक आकड्यावर आला की उठव’ असं सांगतो. तो आकडा अगदी जवळचा असेल आणि लिहीपर्यंत मोजक पुढे निघून गेला, तर सूचना फुकट जाते. सहा वाजून एक मिनिट झाल्यावर गजर सहाचा लावला तर काय होतं? तो बारा तासांनी वाजतो. इथला फेरा पाच मिनिटांचा, एवढाच फरक. आणि वेळही त्याच एचपीईटीने मोजली जात असेल तर फेरा पूर्ण झाल्यावर आकडा जवळपास पूर्वीचाच दिसतो, त्यामुळे कर्नलच्या लेखी वेळ गेलेलीच नसते. भट्टीचा पीसी ५, १० आणि १५ मिनिटंच मागे पडायचा. ७ किंवा १२ कधीच नाही. फोनवर हे ऐकलं तेव्हाच माझं बोट एचपीईटीवर गेलं होतं.

दिवसा असं का होत नव्हतं? कारण दिवसा कोणीतरी कळफलकाला हात लावतो, माऊस हलवतो. त्याचा इंटरप्ट आला की प्रोसेसर उठतो आणि राहिलेली कामं करतो. रात्री तिथे कोणी नाही, नेटवर्कची वायर नाही, आणि तापमानाचे मीटरही पीसीने विचारल्याशिवाय बोलत नाहीत. ऑपरेटर मला म्हणालाही होता, ‘दादा, पीसी झोपतो. माऊस हलवला की उठतो.’ आधी आलेल्यांपैकी कोणी त्याला काही विचारलंच नव्हतं. कळ दाबली की मशीन पुढे सरकतं, हे लक्षण उठवणाऱ्या टायमरचं आणि खोल झोपेचं. दुसऱ्या कुठल्या बिघाडात ते इतकं स्वच्छ दिसत नाही.

४.६९ सेकंद किंवा त्याच्या पटी. लिनक्स पीएम टायमरचे २४ बिट वाचतं, आणि ते इतक्या वेळात भरतात. क्लॉकसोर्स ‘एसीपीआय_पीएम’ असताना मशीन त्याहून जास्त वेळ पूर्ण अडकलं तर तेवढे फेरे हिशेबातून गळतात.

दिवसाला एक-दोन सेकंद. हा बिघाड नाही. २० पीपीएम (दहा लाखांत २० भाग) चुकणारा साधा स्फटिक दिवसाला १.७ सेकंद चुकतो. त्यासाठी एनटीपी आहे. दिवसाला ४३ सेकंदांहून जास्त, म्हणजे ५०० पीपीएमच्या पुढे गेलं तर जुना एनटीपीडी हळूहळू दुरुस्ती करून पुरा पडत नाही. प्रत्येक रीबूटनंतर हा वेग वेगळा येत असेल तर बूट होताना टीएससीचं मोजमाप चुकतंय.

बरोबर साडेपाच तास. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि त्यात टायमरचा काही संबंध नाही. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. विंडोज आरटीसीत भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. दोघांपैकी एकाला दुसऱ्यासारखं वागायला सांगा, संपलं.

काही आकडे मशीन किती दिवस चालू आहे त्याचेही असतात. विंडोज ९५ आणि ९८ सलग ४९.७ दिवसांनी अडकायचं, कारण मिलिसेकंदांचा ३२ बिटी आकडा तेवढ्यात भरतो. काही जुने लिनक्स कर्नल २०८.५ दिवसांनी कोसळायचे. कारखान्यात जुनं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं बंद न करता चालतं, म्हणून हे आकडे लक्षात असू द्या.

तिसरी पायरी : कर्नल काय म्हणतोय ते वाचा

‘डीमेसेज’ (टाइप करताना डी-एम-ई-एस-जी) या आज्ञेच्या नोंदींमध्ये ‘क्लॉकसोर्स’, ‘टीएससी’, ‘एचपीईटी’ आणि ‘स्टॉल’ हे शब्द शोधा. सगळ्यात जास्त भेटणारी ओळ असते ती टीएससीला ‘अनस्टेबल’ ठरवणारी. कर्नलचा वॉचडॉग दर अर्ध्या सेकंदाला टीएससी दुसऱ्या एखाद्या टायमरशी ताडून पाहतो आणि फरक जास्त दिसला की टीएससीला बाजूला करतो.

ही ओळ दिसली म्हणून टीएससीच दोषी, असं लगेच धरू नका. साक्षीदार खोटा असू शकतो. इंटेलच्या कॉफी लेक पिढीतल्या काही मशीनमध्ये प्रोसेसर सर्वात खोल झोपेत गेला की एचपीईटीच गडबडतो, आणि निर्दोष टीएससी बाद होतो. म्हणूनच २०१९ मध्ये लिनक्सने त्या मशीनवर एचपीईटी वापरणंच बंद केलं. बे ट्रेल पिढीसाठी तसंच त्याआधी केलं होतं. तीनही फ्लॅग्ज असलेल्या मशीनवर ही ओळ आली आणि कर्नल जुना असेल, तर आधी कर्नल अद्ययावत करा.

‘आरसीयू स्टॉल’ची ओळ २१ सेकंदांनंतर येते, ‘सॉफ्ट लॉकअप’ची साधारण २० सेकंदांनंतर. त्यापेक्षा छोट्या थबकण्याची नोंद इथे मिळणार नाही, त्यासाठी पहिल्या पायरीतले दोन रकाने आहेत.

मग ‘प्रॉक’मधली ‘इंटरप्ट्स’ फाइल दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा. ‘एलओसी’ ही ओळ लोकल एपिक टायमरची. रिकाम्या कोअरवर आकडा सावकाश वाढतो, ते ठीक. पण एखाद्या कोअरचा आकडा मिनिटभर जागचा हललाच नाही आणि त्याच कोअरवरचं काम रखडलंय, तर उठवणारा सापडला.

चौथी पायरी : मोजणारा बदला

ही पायरी सोपी आहे, रीबूटही लागत नाही. ‘/सिस/डिव्हाइसेस/सिस्टम/क्लॉकसोर्स/क्लॉकसोर्स०’ या फोल्डरमध्ये ‘अव्हेलेबल_क्लॉकसोर्स’ उघडा, कोणकोण हजर आहे ते दिसेल. ‘करंट_क्लॉकसोर्स’मध्ये सध्याचं नाव असतं. रूट होऊन त्यात दुसरं नाव लिहिलं की त्या क्षणापासून मोजणारा बदलतो.

एचपीईटी असेल तर एसीपीआय_पीएम करून एक रात्र पाहा. वेळ हरवणं चालूच राहिलं, तर उठवणारा अजून चुकतोय: पीएम टायमरचा फेरा ४.६९ सेकंदांचाच, त्यामुळे पाच मिनिटं पूर्ण अडकलेल्या मशीनची वेळ त्यावरही हरवते. भट्टीच्या पीसीवर नेमकं असंच झालं: सकाळी ‘डेट’ पुन्हा आरटीसीच्या मागे होती.  मी मालकांना सांगितलं, नुसता मोजणारा बदलून भागणार नाही, उठवणाऱ्याकडे जावं लागेल.

मोजणारा बदलण्याला किंमत आहे. टीएससी काही दहा नॅनोसेकंदांत वाचता येतो, एचपीईटी आणि पीएम टायमरला मायक्रोसेकंदाच्या आसपास लागतो. भट्टीच्या नोंदीला फरक पडत नाही; सेकंदाला हजारो वेळा वेळ विचारणाऱ्या डेटाबेस सर्व्हरला पडतो. अशा सर्व्हरचा वेग अचानक घसरला तर क्लॉकसोर्स गुपचूप बदललाय का, हेही एकदा पाहा.

आणि इंटरनेटवर सर्रास दिला जाणारा ‘टीएससी=रिलायबल’चा सल्ला नॉनस्टॉप_टीएससी नसलेल्या मशीनवर अजिबात ऐकू नका. त्याने पहारेकरी हटतो, टीएससी सुधारत नाही. मोजणारा थांबत असेल तर तो पुढेही थांबेल, फक्त कोणी सांगणार नाही.

पाचवी पायरी : झोप उथळ करा

आता उठवणारा. ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत बूट नोंदीवर ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘प्रोसेसर.मॅक्स_सीस्टेट=१’ जोडा. इंटेल मशीनवर ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ही जोडा, कारण तिथे सहसा दुसराच ड्रायव्हर झोप ठरवतो. असं केलेला बदल त्या एका बूटपुरताच राहतो, म्हणून चाचणीसाठी हाच मार्ग बरा.

थबकणं पूर्ण थांबलं तर संबंध सिद्ध झाला. मग मर्यादा १ वरून २ करून पाहा. चालत असेल तर तिथेच थांबा. सी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या या झोपा, सरसकट बंद ठेवणं मला पटत नाही. प्रोसेसर रिकामा असतानाही तापत राहतो, आणि मे महिन्यात एसी नसलेल्या शेडमध्ये तो ताप दुसरा बिघाड ओढवून आणतो.

सेलेरॉन जे१९०० असलेले बिनपंख्याचे छोटे डबे इथे फायरवॉल आणि बिलिंगसाठी खूप वापरले जातात. ते बे ट्रेल पिढीचे. जुन्या कर्नलवर ते खोल झोपेतून उठतच नसत. कळ दाबूनही नाही, थेट वीज काढावी लागे. त्यांना झोपेची हीच मर्यादा तारते. सुरुवातीच्या रायझन मशीनमध्ये रिकामेपणी गोठण्याचा असाच त्रास होता. तिथे बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ शोधा आणि ‘टिपिकल करंट आयडल’ निवडा.

झोप उथळ करूनही पाच मिनिटांचं थबकणं राहिलं, तर ‘एचपीईटी=डिसेबल’ जोडा. भट्टीच्या पीसीला दोन्ही लागले.

बायोस, सेल आणि खाडीकडची हवा

बायोसला हात लावण्याआधी सगळ्या सेटिंगचे फोटो काढा. मग डिफॉल्टवर न्या, ओव्हरक्लॉकिंग काढा, बोर्डसाठी नवी आवृत्ती असेल तर टाका. विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर आधी तो तात्पुरता थांबवा आणि रिकव्हरी की हाताशी ठेवा. यूपीएसशिवाय बायोस अद्ययावत करायला बसू नका.

सीआर२०३२ सेल मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या आसपास हवा, २.७ च्या खाली गेला की बदला. ऐरोली, कोपरी, वाशीच्या खाडीलगतच्या भागात मी सेलपेक्षा त्याची क्लिप आधी पाहतो. दमट खारट हवेने तिच्यावर हिरवट थर चढतो आणि नवा सेल टाकूनही संपर्क लागत नाही. वीज काढून, सेल काढून, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेल्या ब्रशने क्लिप आणि शेजारचा नळीसारखा छोटा स्फटिक पुसा, पूर्ण वाळू द्या. याने बंद मशीनची वेळ टिकेल. चालू मशीन थबकणं याने सुधारेल अशी आशा मात्र धरू नका.

विंडोज असेल तर

अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘बीसीडीएडिट’ चालवा आणि यादीत ‘यूजप्लॅटफॉर्मक्लॉक’ दिसतंय का पाहा. गेमचा वेग वाढवायच्या सल्ल्यांमधून ते अनेक मशीनवर आलेलं असतं आणि विंडोजला विनाकारण एचपीईटीकडे ढकलतं. ‘डिलीटव्हॅल्यू’ने ते काढून टाका आणि रीबूट करा. एवढ्यानेच बरीच मशीन सुधारतात. राहिलंच तर ‘डिसेबलडायनॅमिकटिक येस’ करून एक दिवस पाहा. फरक पडला तर संशय उठवणाऱ्यावर आणि झोपेवर, मग बायोसमधून सी-स्टेट मर्यादित करा. वेळ कोणी बदलली ते इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-जनरल’च्या १ क्रमांकाच्या नोंदीत सापडतं. ‘कर्नल-पॉवर ४१’ फक्त मशीन नीट बंद झालं नाही एवढंच सांगतं, कारण सांगत नाही.

व्हर्च्युअल मशीन

महापे किंवा ऐरोलीच्या डेटा सेंटरमधलं भाड्याचं व्हर्च्युअल मशीन थबकत असेल, तर वरचं जवळपास काहीच लागू नाही. स्नॅपशॉट किंवा स्थलांतर चालू असताना होस्ट, म्हणजे मूळ मशीन, पाहुण्याला (तुमच्या व्हर्च्युअल मशीनला) थांबवतो. ‘टॉप’मध्ये ‘एसटी’ हा आकडा चढलेला दिसला तर प्रोसेसर दुसऱ्याला दिला जातोय. क्लॉकसोर्स केव्हीएमवर ‘केव्हीएम-क्लॉक’ असू द्या, तो बदलू नका. खंडांच्या वेळा लिहून सेवा देणाऱ्याकडे पाठवा. दोन रकान्यांचा तक्ता जोडलात तर तक्रार टाळता येत नाही.

टायमर निर्दोष निघाला तर

क्लॉकसोर्स बदलला, झोप उथळ केली, एचपीईटी बंद केला, तरी थबकतंय आणि दोन्ही रकान्यांत सारखाच खंड दिसतोय. आता टायमरचा पिच्छा सोडा. डीमेसेजमध्ये साटा लिंक रीसेटच्या ओळी शोधा. डेटा केबल बदलून पाहणं सगळ्यात स्वस्त. ‘टर्बोस्टॅट’मध्ये ‘एसएमआय’चा रकाना वाढत असेल तर बायोस कर्नलच्या पाठीमागे स्वतःचं काहीतरी करत बसतोय, बायोसमधला ‘यूएसबी लेगसी सपोर्ट’ बंद करून पाहा. त्यानंतर पॉवर सप्लाय. या क्रमाने गेलात तर बोर्ड बदलायची वेळ क्वचितच येते, आणि आलीच तर खात्रीने बदलता.

बदल कायम करताना

एका वेळी एकच बदल, आणि आजार ज्या अंतराने यायचा त्याच्या किमान दुप्पट काळ वाट. भट्टीचा पीसी जास्तीत जास्त दोन रात्री नीट राहून पुन्हा बिघडायचा, म्हणून मी पाच रात्री थांबलो. मग लागू पडलेले शब्दच ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मधल्या ओळीत घाला, ‘अपडेट-ग्रब’ चालवा. चाचणीत घातलेले बाकीचे काढून टाका.

आता एनटीपी परत चालू करा. शक्य असेल तर क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम वापरा; त्याला ‘मेकस्टेप’ दिलं की सुरुवातीला मोठा फरक एका उडीत भरून काढतो. जुना एनटीपीडी १००० सेकंदांहून जास्त फरक दिसला की काम सोडून बंदच होतो, आणि १५ मिनिटं मागे असलेलं मशीन ९०० सेकंदांवर, म्हणजे त्या काठावरच उभं असतं. सर्व्हर एनआयसीचे (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांनी आणि डेटा सेंटरनी त्यांच्याशी किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी वेळ जुळवावी असं म्हटलं आहे. भट्टीपर्यंत आम्ही शेवटी ऑफिसमधून एक लॅन वायर ओढली.

चोवीस तासांनी ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ चालवा आणि ‘फ्रिक्वेन्सी’चा आकडा वाचा. काही दहा पीपीएम असेल तर उत्तम, काहीशे असेल तर दुसऱ्या पायरीकडे परत जा. तो आकडा, ग्रबमध्ये घातलेले शब्द, ते का घातले आणि तारीख, हे सगळं एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढे कोणी लिनक्स नव्याने टाकलं तर हे शब्द उडतील आणि पहिल्याच शांत रात्री पीसी पुन्हा पाच मिनिटं मागे पडेल. त्या कागदाचा एक फोटो फोरमनच्या फोनमध्येही ठेवा. रात्रपाळीला कॅबिनेट उघडायला स्क्रूड्रायव्हर हाताशी असेलच असं नाही.